कोर्टाच्या टाइपरायटरवरचं युनिक्स

जरा जवळ सरका. आणि तो मोबाइल आपटणं आधी थांबवा! अडला की शिव्या देता, शोभतं का? मला एकजण माहीत होता. असं कुणी केलं की तो स्वतःच्या कानाची पाळी धरून म्हणायचा, "मशीन आयकते, ताई. आपुनच नीट सांगत नाही."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वाशीमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. इंग्रजी मला अक्षरापुरतं येई. तो आमच्याच गल्लीतला, मुंबईला एका संस्थेत कॉम्प्युटरवर कामाला. वडिलांची एक बाजू लुळी पडली म्हणून रजा काढून आला होता.

संस्थेत एक लहान मिनिकॉम्प्युटर होता. परदेशात मोठ्या मशीनचा सगळा कारभार युनिक्स नावाचा प्रोग्राम पाहायचा. तसाच, पण छोटा कारभारी याला संस्थेच्या मशीनवर बसवायचा होता. ठरल्या दिवशी तो कारभारी साहेबांपुढे चालला तर नोकरी कायम, नाही तर संपली.

"इतलं काय अवघड हाये त्याच्यात?" मी विचारलं.

"एका खोलीचं घर हाये, ताई. आत एकच पाव्हना मावते, म्हंजे एका टायमाले एकच काम. दुसरा आला का पयल्याले ओट्यावर बसवा. मंधात भिंतबी नाही. एखाद्यानं पाय पसरले तं घरधनीच बाहेर!"

वडिलांना भरवायचं, कूस बदलायची आणि उरल्या वेळात कागदावर प्रोग्राम लिहायचा, असं चाललं होतं. त्याचं अक्षर मुंबईत कुणाला लागत नसे, म्हणून मी टाइप करून दिला. चाळीस पानं. शेवटच्या दिवशी वडिलांचं जास्त झालं, तो पानं तपासायला आलाच नाही. डाक चुकू नये म्हणून मीच पाकीट टाकून आले.

आता माझी सवय ऐका. कोर्टाच्या कागदावर ओळीत रिकामी जागा सोडत नाहीत, मागून कोणी काही घुसडेल म्हणून. आडव्या रेघांनी ती भरतात. मी चाळीसही पानं भरली. अगदी मन लावून.

मुंबईच्या ऑपरेटरने दिसलं तसं मशीनला दिलं. मशीनने घेतलं नाही. कोणती रेघ वजाबाकीची आणि कोणती माझी, हे विचारणारं पत्र इथे येईस्तोवर तो ठरलेला दिवस उलटून गेला होता.

पत्र घेऊन तो माझ्यासमोर बसला. उत्तर सांगू लागला, "पानं मी तपासून पाठवली, चूक माझी."

माझी बोटं थांबली. "खोटं काहून लिवता, भाऊ?"

"मशीनले रिकामी जागा चालते, हे तुमाले कोनी सांगतलं होतं? मीच नाही सांगतलं. करा टाइप."

केलं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू दिलं नाही, एवढंच.

नोकरी गेली. वडील पुढे दोन वर्षं जगले, त्याच्याच हातचा घास खाऊन. मग तो मानोऱ्याकडे शाळेत गणित शिकवायला गेला आणि मागच्या हिवाळ्यात तिथेच वारला.

त्या पानांच्या कार्बन कॉप्या माझ्या पेटीत आहेत. टाइप मी केली, पण त्यातली एकही ओळ मला कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला ती पानं वाचता येत असतील तर घरी या. चहा ठेवते. घाई न करता वाचा आणि मला एवढंच सांगा, माझ्या रेघा नसत्या तर त्याचा प्रोग्राम चालला असता का? पण लवकर या. माझंही वय झालं.