गुरुवारी चार ते पाच

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिच्या बाबतीत हे केलं तिला तर नाहीच. ती आत्ता पलीकडच्या खोलीत मटार सोलत बसली आहे — माझी आई. तुम्हाला सांगतानाही मी आधी राउटरबद्दल बोलणार, टीव्हीबद्दल बोलणार, कारण त्याबद्दल मला न अडखळता बोलता येतं.

तर, लॉकडाऊनचे दिवस. बायको आणि मुलगी सोलापूरला अडकलेल्या. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई. मी एका आयटी कंपनीत नेटवर्कचं काम करतो. म्हणजे दुसऱ्यांचं नेट का रखडतं हे शोधून काढायचा मला पगार मिळतो. आणि माझ्याच घरात, नव्याकोऱ्या मोठ्या टीव्हीवर मालिका बघताना ऐन रंगात आलं की ते गोल गोल फिरायला लागायचं! राउटर बेडरूमच्या कपाटावरून काढून हॉलमध्ये उंचावर ठेवला. शेजाऱ्यांच्या वाय-फायशी टक्कर नको म्हणून राउटरचं चॅनल बदललं. टीव्हीला वेगळा, वेगवान बँड दिला. बराच फरक पडला — पण गुरुवारी चारच्या सुमाराला चित्र पुन्हा अडकायचं.

दुपारी चार वाजता मी मालिका बघत होतो का? हो. ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर चालू, कॅमेरा बंद, माईक बंद, आणि मी पाय पसरून टीव्हीसमोर. तेही सांगून टाकतो. त्याची लाज या सगळ्यात फार खालच्या नंबरावर आहे.

गुरुवारी चारला आईचं भजन असायचं. सोसायटीतल्या पंधरा-वीस बायकांचं भजनी मंडळ, एकत्र बसता येईना म्हणून व्हिडिओ कॉलवर भरायचं. तिथं सगळ्यांनी एकदम गायलं की नुसता कल्ला होतो, आवाज मागेपुढे पोचतात. म्हणून त्यांनी ठरवलं होतं — पुढे म्हणणारीनं एकटीनं माईक चालू ठेवायचा, बाकीच्यांनी आपापल्या घरी माईक बंद करून तिच्यामागे म्हणायचं. पुढे म्हणणारी म्हणजे माझी आई. कितीतरी वर्षं तीच. बाबा गेल्यावर ती पुन्हा माणसांत आली ती या मंडळामुळे. हे मला माहीत नव्हतं, असं अजिबात नाही.

तिच्या फोनवरून बाहेर जाणाऱ्या चित्र-आवाजानं लाइन तुंबत होती. मी राउटरच्या यादीत तिचा फोन शोधला आणि बाहेर जाणारा वेग आवळून टाकला. दर गुरुवारी, चार ते पाच. तशी वेळ लावून ठेवता येते. दोन मिनिटांचं काम! टीव्हीवरचं चित्र स्वच्छ झालं आणि — खरं सांगू? — मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आतून आईचा आवाज ऐकू येत होता. खणखणीत. पलीकडे मात्र त्याचे तुकडे पोचत होते, कारण मधेच कुणीतरी म्हणायचं, "सुमनताई, नीट येत नाहीये हो, परत घ्या." ती परत घ्यायची. पहिल्या ओळीपासून. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी ती फोन घेऊन माझ्याकडे आली. तिला पलीकडचं सगळं नीट ऐकू येत होतं, त्यामुळे नेटवर संशय घ्यायचं तिला कारणच नव्हतं. "अरे, बघतोस का जरा? माझं काही चुकतंय का?"

मी फोन घेतला. इकडेतिकडे बोट फिरवलं, काहीतरी तपासतोय असं दाखवायला. लॅपटॉप मांडीवर होता. उठावंसुद्धा लागणार नव्हतं. तिथल्या तिथे सगळं पूर्ववत झालं असतं. पण मालिकेचे दोन भाग राहिले होते, आणि ती टीव्हीच्या आड उभी होती. मी म्हणालो, "नेट अगदी ठीक आहे, आई. तुझाच आवाज हल्ली कापतो. वय झालं आता."

हेच ते. एवढं सांगायला मी इतकी वळणं घेतली.

फोन जुना झालाय म्हणता आलं असतं. कंपनीची लाइन खराब आहे म्हणता आलं असतं. खोटंच बोलायचं होतं तर साधं खोटं काय कमी होतं? मी नेमकं हे का निवडलं? कारण यानंतर ती पुन्हा विचारायला येणार नाही, हे मला ठाऊक होतं. आली नाही. "हो का," म्हणाली, फोन पदराला पुसला आणि आत गेली. पुढच्या गुरुवारपासून वरच्या मजल्यावरच्या देशपांडेबाई पुढे म्हणायला लागल्या. सकाळी पोळ्या लाटताना आई गुणगुणायची, तेही थांबलं. माझ्या ते लक्षात यायला महिना लागला. आधी नुसतं वाटायचं, घरात कसं शांत आहे, बरं आहे. शिसारी येते ना? मला माझीच येते, आणि तरी मी जेवतो, झोपतो, टीव्ही बघतो.

ते बंधन मी काढलंही नाही. विसरून गेलो! दीडेक वर्षानं नवा राउटर आणला, तेव्हा जुन्याच्या यादीत ते तसंच होतं. गुरुवार, चार ते पाच. समोर फोनचं नाव — 'आई'. ते नावही मीच टाकलेलं.

यंदा नवरात्रात मंडळ सोसायटीच्या हॉलमध्ये बसलं. देशपांडेबाईंनी आईचा हात धरला — सुमनताई, आज तुम्हीच पुढे म्हणा. आई हसली. "नको हो, आवाज कापतो माझा. आमच्या मिलिंदनं तेव्हाच सांगितलं. त्याला त्यातलं सगळं कळतं."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रसादाचे द्रोण वाटत होतो. ते खोडून काढायला एक शब्द पुरला असता. मी मान डोलावली. आई टाळ घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसली.

नवा राउटर चांगला आहे. घरात कुठंही, काहीही अडकत नाही. मटार सोलून झाले असावेत. पोळ्यांना लागली आहे, लाटण्याचा आवाज येतोय. फक्त लाटण्याचा.