चौथ्या रेघेवरची गाठ

शेवटचं पान खिडकीशी तिरकं धरलं तेव्हा चौथ्या रेघेवर टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसला. पहिल्या पानांवर तो नव्हता. मी फॉर्मवर शाईने लिहिलं, ‘शेवटचं पान या हस्तलिखिताचं नाही.’ खाली सही केली.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लायब्ररीत मी असिस्टंट आहे. मला अरबी येत नाही. नेमणुकीच्या वेळीच मी ते सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, “वाचणारे मुंबईत आहेत. तुम्ही फक्त मोजायचं.” मोजायचं म्हणजे पानाची लांबी-रुंदी, ओळी, कागद, शिवण.

अरबी कवितांचं हे हस्तलिखित उर्दू शाळेतल्या एका रिटायर्ड मास्तरांचं. शेवटचं पान सुटं होतं आणि नक्कल करणाऱ्याचं नाव फक्त त्यावरच होतं. ते आपले आजोबा, असं मास्तर सांगत. आजोबा घरी माग चालवायचे. मुंबईकरांचं पत्र आलं: त्या पानाची शाई वेगळी दिसते, ते मागाहून घातलेलं नाही ना, तपासा. तसं ठरलं तर कॅटलॉगमध्ये नावाच्या जागी ‘अज्ञात’ छापणार होते.

“विणकर आणि अरबी काव्य?” साहेब हसले होते.

लिहिता लिहिता शाई कुणीही बदलतो, म्हणून मी रेघा पाहिल्या. या रेघा शाईच्या नसतात. पुठ्ठ्यावर समांतर दोरे ताणून बसवतात, त्याला मिस्तर म्हणतात. त्यावर कागद ठेवून अंगठा घासला की दोऱ्यांचे वळ उठतात. मिस्तर तेच, तर वळही तेच.

सोमवारी मास्तर आले.

“बाईंनी तपासलं, मास्तर,” साहेब म्हणाले. “पान दुसऱ्या वहीचं निघालं.”

मास्तर माझ्याकडे वळले. “कैसे मालूम हुआ, बेटी?”

मी पान तिरकं धरून उंचवटा दाखवला. त्यांनी त्यावरून नख फिरवलं.

“ये तो गाठ है. धागा टुट्या, दादा ने गाठ मारी. सोलापूर में रहते और इत्ता नै मालूम?”

“पण पहिल्या पानांवर गाठ नाही.”

“टुटने के पहले गाठ कैसी आएगी? सब पन्ने देखे क्या?”

पानं त्र्याण्णव होती. मी बारा पाहिली होती.

“नाही,” मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मी तेराव्या पानापासून सुरुवात केली. मास्तर समोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. मिलचा दुपारचा भोंगा झाला तरी कुणी उठलं नाही. सत्तावन्नाव्या पानावर चौथी रेघ मध्ये ढिली पडून वाकली होती. अठ्ठावन्नाव्यावर गाठ आली. पुढे प्रत्येक पानावर, कडेपासून तेवढ्याच अंतरावर. शेवटच्या सुट्या पानावरही तिथेच.

“बस?” मास्तरांनी विचारलं.

“हो. पान याच हस्तलिखिताचं आहे.”

त्यांनी टोपी घातली.

मी साहेबांकडे नवा फॉर्म मागितला.

“फॉर्मवर नंबर छापलेत, नवा देता येत नाही. खोडा, दुरुस्त करा, पुन्हा सही करा.”

तसाच तो मुंबईला गेला. कॅटलॉगमध्ये मास्तरांच्या आजोबांचं नाव छापून आलं. माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरातलं खोडलेलं वाक्य मुंबईकरांच्या फाइलमध्ये असेलच.

बारा पानं पाहून त्र्याण्णव पानांबद्दल लिहू नये. आता मी आधी सगळी पानं उलटते आणि फॉर्म पेन्सिलीने भरते. साहेबांना वाटतं, मी शाई वाचवते.