एका बोटावरचं स्टिअरिंग

धाकट्या चुलत भावाची नवी गाडी आमच्या सामाईक खळ्यात, घरापुढच्या अंगणात, एका बोटावर वळायची. माझी जुनी वळवताना स्टिअरिंग कण्हायचं आणि मीही. माझ्या पोटात दुखू लागलं. त्याच्या देखत एकदा तरी गाडी एका बोटाने वळवायचीच, म्हणून कुणालाही न विचारता मी स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडली. काळं पडलेलं तेल पिचकारीने उपसलं आणि नवं, लाल तेल वरची खूण ओलांडून काठोकाठ भरलं. जितकं जास्त तेल तितकं हलकं स्टिअरिंग, हे माझं शास्त्र.

इंजिन तापताच तेल झाकणातून उतू गेलं आणि खळ्यात धूर झाला. भाऊ पडवीतून धावत आला.

"दादा, ह्या काय लोणचा आसा? तेल वर येयपर्यंत ओतलंस!"

"तू तुझ्या गाडयेत किती घालतंस?" मी गुर्मीत विचारलं.

"माज्या गाडयेक तेल लागनाच नाय. ती बॅटरीच्या करंटार वळता."

म्हणजे इथेही तोच पुढे. त्याने जादा तेल काढलं, डबी पुसली आणि माझीच गाडी एका बोटाने फिरवून दाखवली. इतकी वर्षं माझ्यापाशी कण्हणारी ती बया त्याच्या हाती हूं की चूं न करता वळली. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.