भर दुपारी बोंबलणारी गाडी

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एक कंपाउंड, सगळ्यांच्या खिडक्या एकमेकांकडे उघडणाऱ्या आणि मध्ये एक बोंबलणारी गाडी, एवढं असलं की पुरे. माझ्याकडचे सगळे किस्से बडोद्यातल्या एकाच उन्हाळ्यातले आहेत आणि एकाच गाडीचे.

गाडी आमचीच, सेकंडहँड. अलार्म बसवायचा हट्ट माझा. सई झाल्यापासून मला सगळ्याचीच भीती वाटायची. गॅसची, पंख्याची, गच्चीच्या कठड्याची. माझा नवरा संदीप म्हणाला, "ही गाडी चोरायची तर चोराला आधी धक्का मारावा लागेल." तरी मी छाणीच्या रफीकभाई मेकॅनिककडून अलार्म बसवून घेतलाच.

*

उद्घाटन सयाजीगंजात झालं. संदीपने रिमोट न दाबता नुसत्या किल्लीने दार उघडलं आणि गाडीने स्टेशनापर्यंत ऐकू जाईल असा गळा काढला. भर रस्त्यात हा खिसे चाचपतोय, रिमोट माझ्या पर्समध्ये, आणि मी पलीकडच्या दुकानात सईसाठी टोपरं बघतेय.

चोर समजून कोणी धरेल म्हणून तो घाबरला होता. कोणी बघितलंसुद्धा नाही. फक्त एक रिक्षावाला थांबला आणि मालकालाच वैतागून म्हणाला, "भाई, जेनी गाडी छे एने बोलावो ने!"

तेव्हापासून घरात नियम: आधी रिमोट, मग किल्ली. सासूबाईंनीसुद्धा तो पाठ केला.

*

मे महिन्यात गाडी आपली आपण वाजायला लागली. तीही दुपारी. बडोद्यात दुपारी वाजणं म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुकानांची शटरं खाली, रस्ते ओस, अख्खं गाव आडवं. रात्रपाळी करून बाजव्याहून आलेला संदीप झोपलेला, सई महत्प्रयासाने झोपलेली, आणि खाली उन्हात आमची गाडी! आधी ॲम्ब्युलन्स, मग पोलीस, मग कुठलासा पक्षी, असे एकामागून एक सगळे सूर लावायची.

तळमजल्यावरच्या पाठकआजोबांनी मला बोलावून घेतलं. मी माफीची वाक्यं जुळवत गेले. ते शांतपणे म्हणाले, "सूनबाई, त्यातला पक्षी बरा आहे. तेवढाच ठेवता येईल का?"

*

सेक्रेटरी शाहकाका एवढे रसिक नव्हते. जेवण झालं की त्यांना झोप लागायची आणि लागली रे लागली की आमची गाडी. एक दिवस ते वर आले, पाणीही न घेता दारातच बोलले. "बेन, रविवार सुधी. पछी गाडी गेटनी बहार."

मुदत रविवारपर्यंत, आणि गेटच्या बाहेर म्हणजे हमरस्ता. तिथे उभ्या गाड्यांचे आरसे रातोरात नाहीसे होतात. चोरांच्या भीतीने अलार्म लावला आणि अलार्मपायी गाडी चोरांच्या दारात नेऊन ठेवायची, असा माझा हिशेब निघणार होता. माझा चेहरा पाहून काकांनी धीर दिला. तुमची गाडी कंपाउंडात दिवसभर रणरणत्या उन्हात असते, बाहेर कडुलिंबाची सावली तरी मिळेल. "बहार तो छांयडो छे, बेन."

मी मात्र ठरवलं, गाडी आतच राहणार.

*

रफीकभाई आले. डॅशबोर्डखाली धक्का ओळखणारा सेन्सर असतो, तो त्यांनी इतका मंद केला की चाकाला लाथ मारली, बॉनेटवर बुक्के मारले, तरी गाडी ढिम्म. आम्ही चहा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा वाजली. रफीकभाई फोनवर म्हणाले, "बेन, अब तो ये अपनी मर्जी से बजती है."

संदीप उशीत तोंड खुपसून म्हणाला, "घरात राहून शिकली."

*

मग मीच कंबर कसली. मी फिजिक्सची बीएस्सी, पण सर्किट आजवर फक्त पेपरात सोडवलेलं, तेही पर्याय असेल तर गाळलेलं. तरी रफीकभाईंना विचारून सेन्सरची वायरच काढून ठेवली. गाडी वाजलीच. म्हणजे दोष धक्क्याचा नाही, कुठल्यातरी दाराचा. दार जरा उघडलं की त्याच्या कडेचं बटण सुटतं आणि अलार्म होतो.

पण बंद गाडीचं दार उघडतंय कोण? मांजरावर संशय घेतला, मग समोरच्या पोरांवर, मग स्वतःवर. माझा स्वतःवर संशय नेहमीच लवकर जातो.

शेवटी सईला खांद्यावर टाकून दुपारी खिडकीत पहारा दिला. तर जिन्यातून आमच्या आई, म्हणजे सासूबाई, बाहेर आल्या. एका हातात रिमोट, कडेवर बरणी. छुंद्याची! कैरीचा कीस आणि साखर, उन्हात मुरायला. बंद गाडीत ऊन भरपूर, कावळा नाही, धूळ नाही. मला सांगितलं असतं तर मी मुंग्यांची भीती घातली असती, म्हणून रोज दुपारी गुपचूप.

त्यांनी नियमाप्रमाणे रिमोट दाबला, बरणी मागच्या सीटवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दार अलगद लोटलं, पाळणा लोटावा तसं. दार जेमतेम अडकलं, त्यांनी पुन्हा रिमोट दाबला. मग रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की ते केसभर सुटणार आणि गाडी बोंबलणार.

मी धावत खाली गेले. "आई, दार आपटून लावा ना!"

"आपटू कशी?" आई म्हणाल्या. "सई झोपली की दारं आपटायची नाहीत, हे घरभर कोण सांगतं?"

*

त्या दिवसापासून दार धाडकन लागायला लागलं. सई त्या आवाजाने एकदाही उठली नाही, हे मी नोंदवून ठेवतेय. गाडी गप्प. सेन्सरची वायरही परत जोडली. शाहकाकांना सांगितलं, तर ते म्हणाले, रविवारी बघू.

रविवारी दुपारी गाडी वाजली.

सईला कडेवर घेतलं, रिमोट घेतला आणि अनवाणीच उतरले. कंपाउंडातली प्रत्येक खिडकी उघडलेली. पाठकआजोबा तर खुर्ची घेऊन बसलेले.

गाडीच्या मागच्या दाराशी शाहकाका उभे होते. अंगात गंजी, एका हातात आमची जादा किल्ली, दुसऱ्या हातात फडकं बांधलेली बरणी. ॲम्ब्युलन्स संपून पोलीस सुरू झाले होते.

वरून आमच्या आई ओरडल्या, "अहो भाई, किल्ली देताना तुमच्या बायकोला सांगितलं होतं ना, आधी रिमोट म्हणून!"

मी रिमोट दाबला. एकदम शांत झालं. शाहकाकांनी एकेका खिडकीकडे पाहिलं. बरणीवरचं फडकं नीट केलं, ती आमच्या बरणीशेजारी सीटवर ठेवली आणि दार चांगलं धाडकन आपटलं.

मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "बेन, गाडी अंदर ज राखजो. बहार तो छांयडो छे."