गुरुवारी चार वाजता, पद्मालयाच्या वाटेवर

हेमलता मूळची एरंडोलची. जळगावच्या बाल संरक्षण कार्यालयात अकरा वर्षं कंत्राटी टंकलेखनाचं काम करत होती. ऑफिसात कुणी खेडवळ म्हणू नये म्हणून अहिराणी बोलणं तिनं केव्हाच सोडलं होतं. इंग्रजी मात्र चिकाटीने शिकली होती. दोन्ही भाषा येणारं कुणी आहे का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तिचा हात आपसूक वर गेला.

पिंप्राळ्याच्या कोकिळाबाईंचा मुलगा भूषण फिनलंडला नोकरीला होता. तिकडच्याच मुलीशी लग्न केलं, पुढे ते मोडलं. सहा वर्षांची पुनम कुणाकडे राहणार, हे तिथलं कोर्ट ठरवणार होतं. भूषणला तिला इकडे आणायचं होतं. पुनमच्या आईला धास्ती, की नेली तर परत आणायचा नाही. म्हणून निकाल लागेपर्यंत आजी-नातीचं बोलणं दोन्हीकडच्या सरकारी माणसांसमोर व्हावं, असं दूतावासाचं पत्र आलं. एक गुरुवार सोडून, दुपारी चारला, अर्धा तास. बापाने पोरीला अहिराणी शिकवली होती, आणि आजीला दुसरं काही येत नव्हतं. तिथल्या समाजसेविकेला शब्दन्‌शब्द कळावा, म्हणून मध्ये हेमलता.

पहिल्या गुरुवारी पडद्यावर पुनम आणि तिच्या पाठीशी एक खिडकी दिसली. खिडकीबाहेर बर्फ इतक्या सावकाश पडत होता, की पडतोय की वर जातोय ते कळेना. कोकिळाबाई पडद्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "माय, तू घर कव्हय येशी?"

कधी येशील, हेच विचारायला पत्रात मनाई होती. हेमलताने ते गिळलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तिनं जसंच्या तसं सांगितलं. समाजसेविकेने शांतपणे बजावलं, की पुन्हा असं झालं तर बोलणं बंद होईल.

बाहेर व्हरांड्यात कोकिळाबाईंनी हेमलताकडे पाहिलंही नाही. "तू ते आपली शे ना वं?" एवढंच म्हणाल्या.

तो प्रश्न हेमलताच्या जिवाला लागला. रविवारी ती स्कूटर काढून पिंप्राळ्याला गेली, त्यांच्या पायरीवर बसली आणि कित्येक वर्षांनी तिच्या तोंडून अहिराणी निघाली. "अक्का, मी खोटं सांगसू ते बठ्ठं बंद व्हई जाई." पोरीला बोलावू नका, तिला कुठेतरी घेऊन जा, असं तिनं सुचवलं. बसल्या जागेवरून, नुसत्या बोलण्यात.

पुढच्या ठरल्या गुरुवारी आजी नातीला जंगलातल्या पद्मालयाच्या गणपतीला न्यायला निघाली. पायी. त्या दिवशी गिरणेच्या पुलापर्यंत गेल्या. खाली वाळूत टरबुजाच्या वेली होत्या. मग पाळधी आली. एका गुरुवारी सबंध अर्धा तास चिंचेखाली बसण्यात गेला. पुनम विचारायची, पाय दुखले का, तहान लागली का. हेमलता इंग्रजीत सांगत जायची, आणि सांगता सांगता भिंती पातळ व्हायच्या. टेबलाखाली धुळीची ऊब लागायची. एकदा वेळ संपला तरी समाजसेविकेने घड्याळ पाहिलं नाही. ती म्हणाली, त्या जंगलात मोर असतात का, तेवढं विचारा.

चैत्रात निकाल आला. पुनम आईकडेच राहील. दर उन्हाळ्यात महिनाभर बापासोबत भारतात येईल. आजीने आता घरून हवं तेव्हा बोलावं. हेमलताने आदेश अहिराणीत वाचून दाखवला.  कोकिळाबाई पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "महिना ते महिना. येई ते खरी."

जूनमध्ये भूषण पोरीला आणि कोकिळाबाईंना घेऊन कार्यालयात आला. आल्याची नोंद करायची होती. कोकिळाबाईंनी हेमलताला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली आणि चौघं गाडी करून पद्मालयाला निघाली. पूल येण्याआधीच पुनमला डुलकी लागली. हेमलताच्या मांडीवर डोकं ठेवून ती गाढ झोपली. पाळधी गेली, चिंचा गेल्या, एरंडोल मागे पडलं. आजी खिडकीतून एकेक जागा पाहत होती. पोरीची वाट बघायची राहील, तिला उठवू का, असं भूषणने विचारलं.

"राहू दे," हेमलता म्हणाली. "तिनी ही वाट देखेल शे."