शेळीची खिडकी

गोष्ट आवडली का, हे मुलांना कधी विचारू नये. सभ्य मुलं हो म्हणतात आणि खाऊची वाट बघतात. माझी रीत वेगळी. गोष्ट एकदा नीट वाचायची, मग काही दिवसांनी पुन्हा वाचताना मुद्दाम कुठेतरी चुकायचं. गोष्ट आत उतरली असेल तर पोरं अंगावर धावून येतात. कोल्हापुरात आमच्या जिन्यात बसून पोरांनी मला कितीदा झापलंय! त्या झापण्यावरच माझी सगळी पुस्तकं उभी आहेत.

नवऱ्याची हवाई दलातली शेवटची बदली चंदीगडला झाली, निवृत्तीनंतर आम्ही तिथल्याच एअरोसिटी वसाहतीत राहिलो, आणि मला झापणारं कोणी उरलं नाही. यंदा पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला. "राग मानू नका, पण तुमच्या गोष्टींतली मुलं हल्ली पेन्शनरांसारखी बोलतात. ही नवी गोष्ट एखाद्या लहान मुलाला वाचून दाखवा. नाही रुचली, तर आता थांबू या." राग आलाच. तो गेला, पण मागे भीती राहिली. लिहिणं थांबलं तर मी दिवसभर करणार काय, लोणची घालणार?

खालच्या मजल्यावर सांगलीचं कुटुंब आहे. वडील हवाई दलात, मुलगी नुकतीच पहिलीत गेलेली. आईचं ऐकून तीही मला काकूच म्हणते. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. तिला बोलावलं. गोष्ट होती एसटीत खिडकीच हवी म्हणून हटून बसलेल्या शेळीची. वाचून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बस पिंजौरवाली है क्या?" म्हटलं, हो, इथून पिंजौर गावाला जाते तीच समज.

रविवारी दुसरं वाचन. शेळीला मी सरळ मागच्या बाकावर बसवलं. पोरगी बिस्किट खात राहिली. मग शेळीला कंडक्टरची माफी मागायला लावली. माझी शेळी मेली तरी माफी मागणार नाही! तरी पोरीनं नुसतं दुसरं बिस्किट उचललं. शेवटी "थँक्यू काकू" म्हणाली आणि गेली. मी चहा ठेवला, तो उतू गेला.

"एका पोरीवर काय ठरतंय?" नवरा म्हणाला.

त्याला काय सांगणार? माझ्याकडे पोर होती तीच एक.

तिचा स्वेटर वरच राहिला होता, तो द्यायला संध्याकाळी खाली गेले. दार उघडंच होतं. ती फोनवर सांगलीच्या आजीला काहीतरी रंगवून सांगत होती, चक्क मराठीत. "आणि शेळी म्हणाली, उठणार नाही म्हणजे नाही!" वाक्य माझं, हेलसुद्धा माझा. मग एकदम हिंदी सुरू झालं. "आज काकू सब भूल गईं. मम्मा बोलती है, बड़ों को टोकते नहीं." आणि पुन्हा मराठी, ठणकावून, "पण शेळी खिडकीतच बसली!"

तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोळे भरलेले. "काकू, आजीशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलतेय हो."

मी जिंकले होते. हायसं वाटायला हवं होतं, पण धास्तीच वाटली. स्वेटर द्यायचं विसरून मी तशीच वर आले आणि गोष्ट पहिल्या ओळीपासून तपासायला बसले. त्या पोरीजवळ बोलायला एवढीच मराठी होती, आणि ती मी लिहिलेली होती.