शिळं वर, ताजं खाली

ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. अंधेरीतल्या आमच्या हॉस्पिटलात हाताचे सर्जन म्हणून त्यांचं नाव मोठं आहे. मी त्याच मजल्यावर, लिफ्टच्या मागच्या खोलीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ते मला 'बेटा' म्हणतात आणि ओळखत नाहीत. मी त्यांना दहा वर्षं ओळखते.

सोळा वर्षांची असताना मी आईसोबत त्यांच्या केबिनमध्ये बसले होते. आई भांडुपच्या घरी ब्लाउज शिवायची. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर व्हायला लागली होती, सुई हातातून गळायची. मनगटातून जाणारी नस दबली होती. त्यांनी तिचा हात एकदा उलटा, एकदा सुलटा केला आणि विचारलं, "घरीच असता ना? मग काय प्रश्न. पुढच्या आठवड्यात करून टाकू."

शिलाई मशीन घरातच होतं, त्यामुळे आई म्हणाली, "हो, घरीच."

मग चार पानांचा इंग्रजी फॉर्म आला. आईने तो माझ्यापुढे सरकवला. मला आणलंच होतं त्यासाठी. मी इंग्रजी शाळेतली. "काय लिहिलंय गं?" तिने हळूच विचारलं. मला निम्मे शब्द कळले नव्हते. समोर ते पेनचं टोपण काढत होते, लावत होते, पुन्हा काढत होते. कळत नाही म्हणायची मला लाज वाटली.

"नॉर्मल आहे सगळं," मी म्हणाले. "सही कर."

ऑपरेशन बिघडलं नाही. बोटांतल्या मुंग्या गेल्या, हे मी कुणालाही सांगेन. पण तळव्याच्या मुळाशी, व्रणाच्या आजूबाजूला दुखत राहिलं, आणि शिंप्याची मोठी कात्री नेमकी तिथेच रुतते. वर्षभर आईला कापड बेतता आलं नाही. बेतणं दुसरीकडे गेलं तशी गिऱ्हाइकंही गेली. आता ती साड्यांना फॉल लावते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला मला कळलं की आधी रात्री झोपताना मनगटाला पट्टा लावून बघता आला असता, इंजेक्शन घेऊन बघता आलं असतं. निदान 'हाताने काय काम करता' एवढं तरी विचारता आलं असतं. त्या दिवशी मी डबा न उघडता घरी आणला.

या हॉस्पिटलात जागा निघाली तेव्हा मी लगेच अर्ज केला. घरी सांगितलं, जवळ पडतं. भांडुपहून अंधेरी जवळ पडत नाही.

पेशंटला तपासून ते माझ्याकडे 'काउन्सेलिंग'ला पाठवतात. त्यांच्या मते याचा अर्थ सही घेऊन ठेवणं. मी दार लावते आणि पेशंटला सगळं सांगते. पट्टा, इंजेक्शन, ऑपरेशन. खोटं एक अक्षर बोलत नाही. फक्त ऑपरेशनची पाळी आली की आधी व्रण सांगायचे, मग दुखणं, मग किती आठवडे हात पाण्यापासून आणि ओझ्यापासून जपायचा ते, आणि फायदा सगळ्यात शेवटी, बाई पर्स उचलत असताना. कुणी "आत्ता नको, बघू" म्हणून गेली की मी तिच्या केसपेपरवर नीट अक्षरात लिहायचे: पेशंटने सध्या नकार दिला आहे. मग तो कागद स्वतः त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. ते वाचून कपाळाला आठ्या घालायचे. त्या आठ्यांवर माझा आठवडा जायचा.

मे महिन्यात खारदांड्याची एक मावशी आली. मासळी विकणारी, साठीच्या आसपासची, आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत जाणारा. सर्जनांनी तिला पुढच्या मंगळवारची तारीख दिली होती. मी माझा छापील तक्ता काढला, तर तिने हातानेच बाजूला केला.

"मना वाचता येत नाय. तोंडानं सांग."

माझ्या टेबलावर बोटांच्या व्यायामाच्या लाकडी खुंट्या असतात. मी एकेक मुद्दा सांगत गेले तशी ती एकेक खुंटी उचलून टेबलावर वाटे लावत गेली, बाजारात बोंबिलांचे लावतात तसे. एक वाटा पट्ट्याचा, एक सुईचा, एक ऑपरेशनचा. खुंट्या तिच्या बोटांतून दोनदा निसटल्या. मी ते पाहिलं आणि बोलत राहिले.

माझं संपलं तेव्हा ती बराच वेळ त्या तिसऱ्या वाट्याकडे बघत बसली.

"पोरी, मासळी घेतेस कधी?"

"आई घेते."

"ज्या मासळीवालीला फसवायचं असतं ना, ती ताजं वर ठेवते नि शिळं खाली दडवते. तू उलटं केलंस. या वाट्यावर सगळं शिळं वर ठेवलंस, म्हणजे मी घेऊच नये." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "कोणावर राग हाय तुझा? माझ्यावर तर नाय ना?"

मला कुणी असं पकडलं नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला आणि जे आल्याआल्या करायला हवं होतं ते केलं. अंगठ्याच्या मुळाशी मांसाची गादी असते, ती तिची बसली होती. तिथे खळगा होता. तपासणीच्या रिपोर्टमध्येही ते स्पष्ट लिहिलं होतं आणि मी ते सकाळीच वाचलं होतं. असा हात पट्ट्यावर ठेवला तर अंगठ्याची उरलेली ताकदही जाते, आणि गेलेली परत येईलच असं नाही. आणखी पाच मिनिटांत मी तिला घरी पाठवलं असतं. त्यांच्या कपाळावरच्या एका आठीसाठी.

"मावशी, मी परत सांगते," मी म्हणाले. "आता नीट."

या वेळी अंगठा आधी सांगितला. तिने खुंट्या हलवल्या. मग म्हणाली, "कापायचं. पण मंगळवारी नाय. दोन आठवड्यांनी पावसाळ्यासाठी बोटी बंद होतात, तेव्हा पाण्यात हात घालायला नको. तेवढं थांबलं तर चालेल का, ते त्याच्या तोंडून ऐकायचंय. चल."

त्यांच्या केबिनमध्ये मी तिच्या मागे उभी राहिले.

"अरे वा, सही झाली?" ते म्हणाले.

"कसली सही? तू आधी सांग, काय काय होईल ते."

त्यांना 'तू' म्हणणारं बहुधा कुणी उरलेलं नसावं. ते माझ्याकडे वळले. "बेटा, काउन्सेलिंग केलं नाही का?"

"तिनं सांगितलं," मावशी म्हणाली. "आता तू सांग. दोघांचं जुळतं का बघते."

ते हसले. "मावशी, लहानसं ऑपरेशन आहे. घरीच असता ना? मग काय—"

"घरी?" मावशी म्हणाली. "घरी मांजर असते."

"सर," मी म्हणाले. "हे तुम्ही माझ्या आईलाही विचारलं होतं. ती शिवणकाम करायची."

त्यांनी चष्मा काढला. "अच्छा? कुठला हात होता?"

त्यांना आठवत नव्हतं. दहा वर्षं मी या क्षणाची वाक्यं पाठ केली होती, आणि समोर आठवणच नव्हती तर ती कुणाला सुनवायची! मग माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या फॉर्मकडे गेली. तीच चार पानं, आणि चौथ्या पानावर पेशंटच्या सहीखाली, 'पेशंटला सगळं समजावून सांगितलं आहे' या ओळीपुढे, डॉक्टरांच्या सहीची रिकामी जागा.

मी खुर्ची ओढली, मावशीच्या शेजारी बसले आणि फॉर्म उचलला.

"मावशी, यात काय लिहिलंय ते मी मराठीत वाचते. अडलं की थांबवा. ज्याचं उत्तर मला देता येणार नाही ते सर देतील."

पहिल्याच ओळीला तिने थांबवलं. दुसऱ्या ओळीला दोन आठवड्यांचं विचारलं. त्यांना तिचा अंगठा पुन्हा हातात घेऊन, दाबून, नीट बघावा लागला, मग त्यांनी चालेल म्हणून सांगितलं. तिसऱ्या ओळीला तिने विचारलं, कोयता कधी धरायचा? हे त्यांना कुणी विचारलेलं नसावं. बाहेर पेशंट ताटकळत होते, नर्स दोनदा डोकावून गेली. त्यांनी पेन काढलं आणि टोपण काढू लागले, लावू लागले.

मी मान वर केली आणि ते टोपण थांबेपर्यंत बघत राहिले. मग पान उलटलं. अजून तीन होती. मी जराही घाई केली नाही.